एक डबा म्हणजे गाडी नव्हे

टी. नरसीपूरला रेल्वे नाही. कावेरी आणि कपिला यांचा संगम आहे, काठावर गुंजा नरसिंहाचं देऊळ आहे, दर तीन वर्षांनी दक्षिणेतला कुंभमेळा भरतो, सोमनाथपूर आणि तलकाड शेजारीच आहेत. पण या गावाच्या नावाची पाटी एकाही फलाटावर नाही. गाडी पकडायची तर म्हैसूर गाठायचं, नाहीतर नंजनगूड.

तरीही इतिहासजमा झालेल्या गाड्या पुन्हा उभ्या करता येतात का, याचा आढावा घ्यायला हा मुलूख सोयीचा आहे. नकाशावर कबिनी म्हणून दाखवलेली ही कपिला संगमावर येण्याआधी नंजनगूडला एका जुन्या दगडी पुलाखालून वाहते. १७३५ साली बांधलेला हा पूल. पुढे त्याच्यावरून रस्त्याबरोबर मीटर गेजची गाडीही जाऊ लागली. आज पूल जपून ठेवला आहे, पण त्याच्यावरून जाणारी गाडी गेली. उलट म्हैसूरच्या रेल्वे संग्रहालयात महाराणीचा डबा आहे आणि तो ज्या मार्गावर धावला तो मीटर गेजचा मार्ग उखडला गेला आहे. पूल एकीकडे, डबा दुसरीकडे आणि रूळ कुठेच नाहीत. जगभर जिथे जिथे जुनी गाडी परत आणायचा घाट घातला गेला, तिथे अडचण थोड्याफार फरकानं हीच होती.

राजाचा डबा दिल्लीत, राणीचा म्हैसूरला

बंगळूर-म्हैसूर मीटर गेज मार्ग १८८२ मध्ये पुरा झाला. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळाची पार्श्वभूमी त्याला होती. १८८६ मध्ये म्हैसूर संस्थानच्या रेल्वेचा कारभार ज्या कंपनीकडे गेला, तिचं नाव मराठी वाचकाला आपलं वाटावं असं आहे: सदर्न मराठा रेल्वे. पुणे-लोंढा मार्ग बांधणारी कंपनी हीच. १८९१ मध्ये म्हैसूरहून नंजनगूडपर्यंत गाडी गेली, त्याच वर्षी मिरजेहून कोल्हापूरला गेली. म्हणजे कपिलेच्या आणि पंचगंगेच्या काठी एकाच गेजचे रूळ एकाच साली पोचले. नंजनगूडहून चामराजनगरला जायला मात्र १९२६ उजाडलं.

म्हैसूरचं रेल्वे संग्रहालय १९७९ चं, दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयानंतर दोनच वर्षांनी उघडलेलं. इथे एक ऑस्टिन मोटार आहे, रस्त्यावरची चाकं काढून रुळावरची बसवलेली. पण पाय थबकतो तो महाराणीच्या १८९९ च्या सलूनपाशी, म्हणजे राजेशाही डब्यापाशी. खिडकीतून आत डोकावलं की पलंग दिसतो, जेवणाची आणि स्वयंपाकाची सोय दिसते. अख्खं घर लांबट करून चाकांवर ठेवावं तशी मांडणी. १८९९ हे साल लक्षात घेण्याजोगं आहे. चामराजेंद्र वडियार १८९४ च्या डिसेंबरात कलकत्त्यात वारले, थोरला मुलगा लहान होता, आणि १८९५ ते १९०२ या काळात राज्य चालवलं ते राजमाता केंपनंजम्मण्णी यांनी. म्हणजे हा डबा बनला तेव्हा म्हैसूरची सत्ताच एका स्त्रीच्या हाती होती. संग्रहालयात हौसेची वस्तू म्हणून बघितला जाणारा डबा त्या काळी राज्यकारभाराचा भाग होता.

त्याच साली बनलेला महाराजांचा सलून दिल्लीत चाणक्यपुरीच्या संग्रहालयात आहे. सागवानी बांधणी, हस्तिदंत आणि सोन्याचं काम. तिथेच बडोद्याच्या गायकवाडांचा १८८६ चा आणि इंदूरच्या होळकरांचा सलूनही आहे. जपणूक उत्तमच आहे. पण राजा दिल्लीत, राणी म्हैसूरला आणि नोकरचाकरांचे, सामानाचे, रक्षकांचे डबे काळाच्या उदरात, अशी विभागणी झाल्यावर ‘म्हैसूरची राजेशाही गाडी’ असं काही उरत नाही. उरतात ते तिचे अवशेष.

पहिली वाट: विखुरलेलं गोळा करणं

अशा अवशेषांतून पुन्हा गाडी जुळवण्याचा जगातला सर्वांत गाजलेला प्रयोग ओरिएंट एक्सप्रेसचा. १९७७ मध्ये मॉन्टे कार्लो इथल्या लिलावात जेम्स शेरवूड या उद्योजकानं दोन जुने डबे विकत घेतले. मग नाद लागला. युरोपभर फिरून त्यानं झोपण्याचे, जेवणाचे आणि पुलमन असे मिळून ३५ डबे जमवले, दुरुस्त केले आणि २५ मे १९८२ रोजी लंडन-व्हेनिस अशी व्हेनिस सिम्प्लॉन-ओरिएंट एक्सप्रेस सुटली. डबे १९२० आणि ३० च्या दशकांतले, अस्सल. पण ते एकाच गाडीचे मात्र नव्हते. निरनिराळ्या गाड्यांतले डबे एका नावाखाली आले. जुन्या वाड्यांच्या तुळया, खांब आणि दारं आणून नवा वाडा उभारावा तसं हे झालं. लाकूड जुनं, घराणं नवं.

या वाटेवर डब्यांसाठी आपसांत ओढाताणही होते. लंडन-ब्रायटन मार्गावर १९३३ पासून धावणारी ‘ब्रायटन बेल’ ही विजेवर चालणारी पुलमन गाडी ३० एप्रिल १९७२ ला बंद झाली. तिचे १५ डबे विकले गेले. काही डब्यांत लोक बिअर प्यायला, जेवायला बसू लागले. ‘ऑड्री’ आणि ‘व्हेरा’ नावाचे डबे पुढे शेरवूडच्या गाडीच्या ब्रिटनमधल्या जोडगाडीत दाखल झाले. २००९ मध्ये एक न्यास स्थापन झाला आणि अख्खी ब्रायटन बेल पुन्हा चालवायचा ध्यास घेऊन डबे परत गोळा करायला लागला, तेव्हा त्याला आधी इतरांच्या दारात जावं लागलं. एक गाडी जिवंत करताना दुसरीचे अवयव लागतात, हे त्या हौशी मंडळींना चांगलंच उमगलं असणार.

अगदी अलीकडची गोष्ट पोलंडमधली. २०१५ मध्ये आर्तूर मेतेताल या फ्रेंच संशोधकाला बेलारूसच्या सीमेलगत मालाशेविचे इथे ओरिएंट एक्सप्रेसच्या घराण्यातले १७ डबे सापडले, यार्डात उभे. २०१८ मध्ये ते विकत घेतले गेले आणि नूतनीकरण सुरू झालं. इतका मोठा ऐवज एका जागी, बराचसा शाबूत सापडणं हे नशीब. असं नशीब रोज उघडत नसतं.

आपल्याकडे: १९८२ चा पॅलेस

भारतात याच वाटेनं गेलेली गाडी म्हणजे पॅलेस ऑन व्हील्स. २६ जानेवारी १९८२ ला ती निघाली तेव्हा तिला खरोखरच संस्थानिकांचे जुने सलून जोडलेले होते. मीटर गेजवर, वाफेच्या इंजिनामागे. ओरिएंट एक्सप्रेसची नवी आवृत्ती त्याच वर्षी मे महिन्यात निघाली हे पाहिलं तर आपण या कल्पनेत मागे नव्हतो, चार महिने पुढेच होतो.

पण ती गाडी नऊ वर्षांनी बदलली. १९९१ मध्ये जुने डबे काढून नवे जोडले गेले. त्याच सुमारास मीटर गेज जायला लागलं होतं. १९९२ मध्ये देशभर एकच गेज करण्याचा कार्यक्रम रेल्वेनं हाती घेतला आणि १९९५ पासून पॅलेस ब्रॉड गेजवर आली. नाव तेच राहिलं, रुळांमधलं अंतर १००० मिलिमीटरवरून १६७६ मिलिमीटर झालं. म्हणजे तिसरी गाडी पहिलीच्या नावानं धावू लागली.

पुढच्या आलिशान गाड्यांनी जुन्या डब्यांचा नाद सोडूनच दिला. २००४ मध्ये महाराष्ट्राची डेक्कन ओडिसी आली, २००८ मध्ये कर्नाटकची गोल्डन चॅरियट. गोल्डन चॅरियटच्या अंतर्गत सजावटीची रचना कुसुम पेंडसे यांची, आणि डब्यांना नावं राजघराण्यांची: कदंब, होयसळ, राष्ट्रकूट, गंग, चालुक्य, सातवाहन वगैरे. गाडी देखणी आहे. पण म्हैसूरला आलेल्या प्रवाशाला सातवाहनांच्या नावाचा नवा डबा भेटतो आणि वडियारांचा खरा डबा संग्रहालयात उभा असतो.

दुसरी वाट: नव्याला जुना वेश

जुने डबे वापरण्यातल्या अडचणी खऱ्या आहेत, त्या नाकारून चालणार नाही. लाकडी बांधणीचा डबा आजच्या वेगाला आणि आजच्या सुरक्षेच्या नियमांना टिकत नाही. जुने डबे व्हॅक्यूम ब्रेकचे, आजच्या गाड्या एअर ब्रेकच्या. डब्याखालचा पट्ट्यानं फिरणारा डायनॅमो, जुनी कपलिंग, सुटे भाग, सगळंच बदलावं लागतं. प्रवासी बसवायचे तर रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी हवी. वाफेचं इंजिन असेल तर बॉयलरची तपासणी, पाण्याची सोय, आणि शेगडी कशी पेटवायची हे माहीत असलेला माणूस हवा. तो माणूस मिळणं आता सगळ्यांत अवघड. शिवाय गर्दीच्या मार्गावर या गाडीला वेळापत्रकात जागा कुठून द्यायची?

म्हणून दुसरी वाट निघते: आत सगळं नवं, बाहेरून जुनं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मारवाड जंक्शन ते खामलीघाट अशी ‘व्हॅली क्वीन’ सुरू झाली. इंजिनाला रूप वाफेच्या इंजिनाचं दिलेलं. त्याच महिन्यात अहमदाबाद-एकतानगर मार्गावर वाफेच्या इंजिनासारखी दिसणारी, पण विजेवर चालणारी वारसा गाडी आली. लेकरं खूश होतात, फोटो छान येतात, आणि आडमार्गावर प्रवासी वाढले तर तो फायदाही खराच. पण याला पुनरुज्जीवन म्हणणं म्हणजे नाटकातल्या शिवाजी महाराजांच्या पगडीला गडावरची पगडी म्हणण्यासारखं. नाटक चांगलं असू शकतं. फक्त ते नाटक आहे एवढं लक्षात असावं.

मधला एक प्रामाणिक नमुना मध्य प्रदेशात आहे. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन १८७० च्या दशकात जी होळकर स्टेट रेल्वे उभी केली, तिचा घाटातला तुकडा पातालपाणी ते कालाकुंड. गेज बदलाच्या कामात हा मार्ग मोडीत निघायचा, पण हा तुकडा ठेवला गेला आणि डिसेंबर २०१८ पासून तिथे मीटर गेजची वारसा गाडी धावते. डब्यांच्या खिडक्या मोठ्या केल्या, काचा लावल्या, पण मार्ग खरा, गेज खरं, बोगदे खरे. आणि रस्त्यावरच्या दगडालाही विचारलं तर तो सांगेल की इथून खरोखर गाडी जायची.

तिसरी वाट: नवंच, पण जुन्या आराखड्यावर

डबा किंवा इंजिन एकही उरलं नसेल तर काय? इंग्लंडमध्ये ए-१ वर्गाची ४९ इंजिनं होती, सगळी भंगारात गेली. हौशी मंडळींनी १९९० मध्ये ठरवलं की पन्नासावं बांधायचं. वर्गण्या गोळा झाल्या, डार्लिंग्टनला काम चाललं आणि २००८ मध्ये ‘टॉर्नेडो’ रुळावर आलं. ही नक्कल म्हणायची की त्याच कुळातला सर्वांत धाकटा सदस्य, यावर आजही वाद घालता येतो. माझं मत दुसऱ्या बाजूला, कारण आराखडे तेच आणि काम करण्याची रीतही बरीचशी तीच.

आपल्याकडे हे म्हैसूरच्या शेजारीच घडलं. नीलगिरी रेल्वेची चढावरची एक्स वर्गाची इंजिनं मुळात स्वित्झर्लंडच्या विंटरथूर इथली. ती म्हातारी झाल्यावर तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यानं त्याच वर्गाची नवी इंजिनं बांधून दिली, आधी तेलावर चालणारी, मग कोळशावर चालणारीही. मेट्टुपाळयम-कुन्नूर चढावर आजही वाफ दिसते ती या कारागिरीमुळे. इथे गाडी कधी मेलीच नाही. मार्ग, गेज, वेळापत्रक आणि काम जाणणारी माणसं, सगळं सलग राहिलं. म्हणूनच नवं इंजिनही परकं वाटलं नाही.

चेन्नईतल्या पेरांबूरच्या लोको कारखान्यानं १८५५ च्या फेअरी क्वीन या इंजिनालाही १९९७ मध्ये पुन्हा चालतं केलं. १९०९ मध्ये निवृत्त झालेलं इंजिन दिल्ली-अलवर मार्गावर पर्यटकांना नेऊ लागलं आणि जगातलं सर्वांत जुनं चालतं इंजिन म्हणून गिनेस बुकात गेलं. कौतुक करावं तेवढं थोडं. तरी मागे जोडलेला डबा वातानुकूलित होता. इंजिन १८५५ चं, प्रवास विसाव्या शतकाच्या अखेरचा.

दख्खनची राणी: नाव टिकलं, गाडी गेली

आता घरचा हिशेब. १ जून १९३० ला दख्खनची राणी सुटली तेव्हा तिचे सात-सात डब्यांचे दोन रेक होते. एक रुपेरी रंगाचा, लाल पट्ट्यांचा. दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. डब्यांचे सांगाडे विलायतेत बनले आणि वरचं बांधकाम माटुंग्याच्या कारखान्यात. १९६६ मध्ये पेरांबूरचे पोलादी डबे आले. २२ जून २०२२ पासून आधुनिक बांधणीचे एलएचबी डबे आले, नव्या रंगात, नव्या डायनिंग कारसह. गाडी अखंड धावते आहे, दरवर्षी १ जूनला पुणे स्टेशनवर प्रवासी केक कापतात, डायनिंग कारच्या टेबलावर घाटाकडे बघत खाण्याची चैन अजून आहे.

तर ही तीच गाडी का? वाडा पाडून सोसायटी झाली तरी पत्ता तोच असतो आणि शेजारीही बरेचसे तेच असतात, त्या अर्थानं तीच. लोकांनी आणि वेळापत्रकानं ती जिवंत ठेवली. पण १९३० ची ती रुपेरी गाडी बघायची तर जुना फोटोच बघावा लागतो. अख्खा रेक ठेवण्याइतकं महत्त्व तिला कुणी दिलं नाही.

बाकी महाराष्ट्रातला हिशेब याहून उणा आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्यानं १८९७ मध्ये सुरू केलेली बार्शी लाईट पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. अडीच फुटी गेजवर प्रत्येक आसावर पाच टनांचा भार बेतून त्यानं जी पद्धत बसवली ती जगभर अभ्यासली गेली. आता तो सगळा मार्ग ब्रॉड गेज झाला, पंढरीचे वारकरी मोठ्या गाडीत बसले आणि त्यात गैर काही नाही. फक्त चार-सहा डब्यांची एक बार्शी लाईट पाच-दहा किलोमीटर रुळांसकट ठेवावी, हे कुणाला सुचलं नाही. माथेरानची गाडी दर पावसाळ्याशी झगडते आहे, पण तिचं नशीब बरं. आदमजी पीरभॉय यांची १९०७ ची ती दोन फुटी वाट अजून जागेवर आहे. तिथली वाफेची इंजिनं १९८२ मध्ये थांबली, तरी रूळ राहिले. म्हणूनच पुढे दार्जिलिंगहून एक इंजिन आणून नेरळला वाफ सोडता आली.

विदर्भातली शकुंतला ही या यादीतली शेवटची संधी. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, सुमारे १९० किलोमीटरची अडीच फुटी वाट. किलिक निक्सनच्या ब्रिटिश कंपनीची, स्वातंत्र्यानंतरही खासगी मालकीची. कापसासाठी जन्मली, वऱ्हाडातल्या माणसांसाठी धावली. १९९४ मध्ये तिचं वाफेचं इंजिन निवृत्त झालं, २०१६ नंतर गाडीच हळूहळू थांबली. तिथल्या लोकांची मागणी ब्रॉड गेजची आहे आणि ती रास्त आहे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यानं पर्यटकांच्या हौसेसाठी हळू गाडीत का बसावं? पण गेज बदलताना एक तुकडा, एक इंजिन आणि तिचे स्वतःचे डबे एकत्र ठेवले तर दोन्ही साधतं. पातालपाणीनं ते करून दाखवलं आहे.

निवृत्तीनंतर डब्याचं काय होतं

प्रवासी डब्याची सेवा साधारण २५ वर्षं. नंतर तो कंडम होतो. काही डबे भंगारात कापले जातात. काहींच्या खिडक्या आणि दारं बंद करून टोकांना दार बसवतात आणि त्यातून नव्या मोटारी वाहून नेतात. काहींत रेस्टॉरंट निघतं. २०२१ मध्ये मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर एका निवृत्त डब्यात ‘रेस्टॉरंट ऑन व्हील्स’ सुरू झालं, आणि आता अशी रेस्टॉरंटं बऱ्याच स्टेशनांवर दिसतात. डबा भंगारातून वाचला यात आनंद आहे. पण असा एकेक डबा वेगवेगळ्या गावी गेला की पन्नास वर्षांनी कुणाला गाडी जुळवायची झाली तर त्याची अवस्था ब्रायटन बेलच्या न्यासासारखी होणार: हॉटेलात जाऊन टेबलं उचला म्हणून सांगायचं.

आणि वेळ आत्ताच आली आहे. पेरांबूरच्या कारखान्यात २ ऑक्टोबर १९५५ पासून बनत आलेल्या आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) डब्यांचं उत्पादन जानेवारी २०१८ मध्ये थांबलं. स्वतंत्र भारतानं ज्या डब्यांतून प्रवास केला, मामाच्या गावाला जाताना ज्यांच्या गजांच्या खिडकीत हात अडकवून आपण वारा खाल्ला, ते निळे आणि त्याआधीचे तपकिरी-लाल डबे आता एकेक करून कंडम होत आहेत. राजेरजवाड्यांचे सलून जपणारे खूप निघाले. सेकंड क्लासचा डबा जपायला कोण निघणार?

आढाव्याअंती निष्कर्ष सरळ आहे. गाडी म्हणजे रेक, मार्ग, गेज आणि ती चालवणारी माणसं, सगळं मिळून. यातलं एक टिकलं तर संग्रहालयातली वस्तू होते, दोन टिकली तर दिखाऊ सफर होते, सगळी टिकली तरच गाडी होते. म्हणून रेल्वेनं प्रत्येक विभागात निदान एक आयसीएफ रेक, जनरल डब्यापासून पँट्री कारपर्यंत, अख्खा आणि चालता ठेवावा. गेज बदलताना दहा किलोमीटरचा तुकडा राखावा. माटुंगा आणि पेरांबूरच्या जुन्या आराखड्यांच्या प्रती खुल्या कराव्यात. आणि शेवटच्या फायरमनकडून काम शिकून घेणारी चार तरुण मुलं नेमावीत. खर्च फार नाही. नंजनगूडच्या पुलावर रूळ ठेवले असते आणि राणीचा डबा त्यावर उभा राहिला असता, तर हा लेख लिहायची गरजच पडली नसती.